पायथनमध्ये फंक्शन कॉल करणं म्हणजे नक्की काय, माइनक्राफ्टमध्ये किल्ला बांधून बघा

सीबीएसईच्या बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असते, आणि तिच्यात फंक्शनचा धडा असतो. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेला कोडचा तुकडा, हवा तेव्हा चालवायचा, आणि असं चालवणं म्हणजे कॉल करणं. त्यात पोझिशनल पॅरामीटर, डिफॉल्ट पॅरामीटर, रिटर्न व्हॅल्यू, स्कोप सगळं असतं, आणि मुलं ते पाठ करून मार्कही काढतात. पण त्यातल्याच एखाद्याला विचारा की प्रिंट आणि रिटर्नमध्ये फरक काय रे, की गाडी अडलीच. यात मुलांचा फार दोष नाही खरं तर. पुस्तकातलं उदाहरण म्हणजे दोन आकड्यांची बेरीज, ३ आणि ४ दिले, फंक्शनच्या आत प्रिंट केलं तरी स्क्रीनवर ७, रिटर्न करून बाहेर प्रिंट केलं तरी स्क्रीनवर ७, मग फरक दिसणार कुठून.

माइनक्राफ्टमध्ये तो दिसतो. तिथे काही फंक्शनं काम करतात आणि काही फंक्शनं उत्तर देतात, आणि ही दोन वेगळी खाती आहेत हे शिकवावं लागत नाही, कारण पहिल्या प्रकारच्या कॉलनंतर समोर एक ब्लॉक उभा असतो आणि दुसऱ्या प्रकारच्या कॉलनंतर समोर काहीच नसतं, असतो तो फक्त एक आकडा, आणि तो पकडून ठेवला नाही तर गेला.

थोडी पार्श्वभूमी, पटकन. माइनक्राफ्ट हा स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा ठोकळे रचायचा गेम, २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला कंपनीच घेतली. मधे २०१२ मध्ये इंग्लंडात रास्पबेरी पाय नावाचा छोटा स्वस्त कॉम्प्युटर आला, शाळेतल्या मुलांनी प्रोग्रॅमिंग करावं म्हणूनच काढलेला, आणि त्याच्यासाठी २०१३ मध्ये मोजांगने गेमची एक फुकट आवृत्ती दिली, पाय एडिशन. गेम म्हणून ती अगदीच साधी होती. पण तिच्यासोबत एक पायथनची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच होता, एमसीपीआय, आणि तिच्यामुळे गेमच्या बाहेर बसून कोड लिहून गेमच्या आतलं जग बदलता यायला लागलं. खाली सगळं त्याच लायब्ररीबद्दल आहे. कोडच्या ओळी मी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहितेय, मशीनवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

सुरुवात अशी:

फ्रॉम एमसीपीआय.माइनक्राफ्ट इम्पोर्ट माइनक्राफ्ट
एमसी = माइनक्राफ्ट.क्रिएट()
एमसी.पोस्टटूचॅट("नमस्कार")

पहिल्या ओळीत लायब्ररी आणली. दुसऱ्या ओळीत चालू असलेल्या गेमशी जोडणी केली आणि त्या जोडणीला एमसी नाव दिलं. गेम चालू नसेल तर इथेच कनेक्शनरिफ्यूज्डएरर येतो, म्हणजे समोर कुणी फोन उचलत नाहीये, आधी गेम चालू करा आणि जगात शिरा. तिसरी ओळ हा खरा पहिला कॉल. फंक्शनचं नाव, लगेच कंस, कंसात त्याला जे द्यायचं ते. गेमच्या स्क्रीनवर नमस्कार उमटतो. (नमस्कार पण इंग्रजी अक्षरांत लिहा, गेमचा फॉन्ट मराठी दाखवेलच याची खात्री नाही.)

आता तो कंस काढून बघा. नुसतं एमसी.पोस्टटूचॅट लिहा आणि प्रोग्रॅम रन करा. काहीच होत नाही, आणि एररही येत नाही, जे जास्त वाईट. कारण पायथनच्या नजरेत तुम्ही चुकीचं काहीच लिहिलेलं नाही, तुम्ही फंक्शनचं नुसतं नाव घेतलंत, ते चालव असं कुठे म्हणालात? चालव हे सांगणं म्हणजेच कंस. आत द्यायला काही नसलं तरी रिकामा कंस हवाच.

हे वाचताना किरकोळ वाटतं पण पुढे फार छळतं. माझा भाचा नववीत आहे, त्याने एकदा ही ओळ लिहिली:

पोस = एमसी.प्लेयर.गेटटाइलपोस

आणि पुढच्या ओळीत पोस.एक्स वापरला. पायथन म्हणाला, अॅट्रिब्यूटएरर, मेथड ऑब्जेक्टला एक्स नावाचं काही नाही. तो अर्धा तास पुढची ओळ तपासत बसला, कारण एरर पुढच्या ओळीवर दाखवत होता ना. पण लोचा आदल्या ओळीत, कंस नाही. गेटटाइलपोस हे फंक्शन प्लेयर कुठल्या ठोकळ्याच्या जागेत उभा आहे ते सांगतं, पण विचारलं तर. कंस नसल्यामुळे पोस मध्ये जागा आलीच नाही, सांगणारं फंक्शनच जाऊन बसलं, आणि फंक्शनला कुठला आलाय एक्स. कंस लावला की पोस मध्ये तीन आकडे येतात, एक्स, वाय आणि झेड, आणि गाडी चालू.

हे तीन आकडे म्हणजे काय ते इथेच सांगून टाकते कारण पहिल्या दिवशी सगळे इथे आपटतात. एक्स आणि झेड हे जमिनीवरचे, वाय म्हणजे उंची. शाळेत आलेख कागदावर काढतो तिथे एक्स आडवा आणि वाय उभा, तेवढं जुळतं, झेड मात्र नवीन, तो जमिनीवरच दुसऱ्या दिशेने पळतो. वाय एकने वाढवला की ठोकळा वर सरकतो. पाय एडिशनमध्ये तुम्ही गेममध्ये जिथे अवतरता ती जागा साधारण शून्य धरलेली असते, त्यामुळे आकडे उणेही येतात, घाबरायचं नाही.

आता ब्लॉक ठेवू:

एमसी.सेटब्लॉक(पोस.एक्स + २, पोस.वाय, पोस.झेड, ४१)

तुमच्यापासून दोन ठोकळे अंतरावर सोन्याचा ब्लॉक. कंसात चार गोष्टी, यांना आर्ग्युमेंट म्हणतात, पहिले तीन जागेचे आणि चौथा कुठला ब्लॉक त्याचा नंबर. १ म्हणजे दगड, २ गवत, ४ म्हणजे खडबडीत दगड, ९ पाणी, २० काच, ३५ लोकर, ४१ सोनं, ४६ टीएनटी. आणि ० म्हणजे हवा, हे लक्षात ठेवा, हवा हाही एक ब्लॉकच आहे आणि पुढे लागणार आहे. लोकरीला पाचवं आर्ग्युमेंटही देता येतं, रंगाचं, ३५, १४ दिलं की लाल, ३५, १ दिलं की भगवा, आणि पाचवं दिलंच नाही तर आपली पांढरी. पुस्तकात ज्याला डिफॉल्ट म्हणतात ते साधारण हेच.

क्रम चुकला तर? इथेच गेमची मजा आहे. चारही आकडेच आहेत, पायथनला त्यातला कुठला कशाचा हे काय माहीत, तुम्ही ४१ चुकून पहिला लिहिलात तर तो निमूटपणे एक्स ४१ समजतो आणि ब्लॉक कुठेतरी लांब जाऊन बसतो, भलत्याच प्रकारचा. वहीत हे उत्तर नुसतं चूक दिसलं असतं, गेममध्ये तुम्ही चालत जाऊन तो ब्लॉक शोधू शकता आणि तो जिथे सापडतो त्यावरूनच कळतं की कुठला आकडा कुठल्या जागी गेला. मी तर मुलांना मुद्दाम क्रम चुकवायला लावते आणि ब्लॉक शोधायला पाठवते, आरडाओरडा करत शोधतात आणि क्रम परत विसरत नाहीत.

एक खोच मात्र आहे. या लायब्ररीत सेटब्लॉक असं लिहिलंय की त्याला कितीही आर्ग्युमेंट दिली तरी ते घेतं आणि गेमकडे पाठवून देतं. त्यामुळे चौथा आकडा विसरलात तर पायथन ओरडत नाही, ब्लॉक मात्र येत नाही. पोस्टटूचॅट तसं नाही, त्याला रिकाम्या कंसाने कॉल केलंत तर टाइपएरर येतो, एक आवश्यक आर्ग्युमेंट कमी आहे म्हणून, वर कुठलं तेही सांगतो. तेव्हा एरर नाही आला म्हणजे सगळं बरोबर असं समजू नका, डोळ्यांनी बघा ब्लॉक आला का.

आता दुसरं खातं, उत्तर देणारी फंक्शनं.

एमसी.गेटब्लॉक(पोस.एक्स, पोस.वाय - १, पोस.झेड)

ही ओळ एकटी लिहून रन केलीत तर गेममध्ये काही म्हणजे काही होत नाही. मुलं म्हणतात चाललंच नाही. चाललं की, तुमच्या पायाखाली कुठला ब्लॉक आहे ते त्याने शोधलं, २ असं उत्तर आणलं, म्हणजे गवत, आणि ते घ्यायला कुणी उभंच नव्हतं. या ओळीच्या डावीकडे "खाली =" असं लिहिलं की उत्तर "खाली" या नावात साठतं, मग त्याचं हवं ते करा, चॅटवर दाखवा, इफ मध्ये घाला. सेटब्लॉकला हे लागत नाही, कारण त्याचं काम जगात होऊन गेलेलं असतं, त्याच्याकडे द्यायला उत्तर नाहीच. हट्टाने त्याचं उत्तर पकडून प्रिंट केलंत तर दिसतं नन, म्हणजे काही नाही.

आतमध्ये काय चालतं ते कळलं तर हे अजून पक्कं होतं. तुमचा पायथन आणि गेम हे दोन वेगळे प्रोग्रॅम, एकाच मशीनवर असले तरी. गेम ४७११ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या एका खिडकीवर, कान लावून बसलेला असतो. तुम्ही सेटब्लॉक कॉल केलं की लायब्ररी एक साधी मजकुराची ओळ तयार करते, वर्ल्ड.सेटब्लॉक आणि कंसात चार आकडे, ती त्या पोर्टवर पाठवते आणि पुढे निघून जाते. गेटब्लॉकला मात्र ओळ पाठवून थांबावं लागतं, गेमकडून उत्तर परत येईपर्यंत तुमचा प्रोग्रॅम तिथेच उभा. म्हणूनच हजारो ठिकाणी गेटब्लॉक विचारणारा लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारा कोड) रखडतो. आणि सेटब्लॉकला थांबावं लागत नसलं तरी दर ठोकळ्यामागे एक ओळ पाठवावी लागतेच, म्हणून मोठी भिंत एकेक सेटब्लॉकने बांधण्यापेक्षा सेटब्लॉक्स बरं, त्यात दोन कोपरे द्यायचे, आठवड्याभराचं गवंडीकाम एका ओळीत.

इथवर सगळी दुसऱ्यांनी लिहिलेली फंक्शनं. आता आपलं लिहू. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केलेला असेल तर हे लगेच समजेल, बुरूज एकदा नीट जमवायचा आणि मग चारी कोपऱ्यांना तोच.

डेफ बुरूज(एक्स, झेड, उंची):
    वाय = एमसी.गेटहाइट(एक्स, झेड)
    एमसी.सेटब्लॉक्स(एक्स, वाय, झेड, एक्स + ३, वाय + उंची - १, झेड + ३, ४)
    एमसी.सेटब्लॉक्स(एक्स + १, वाय, झेड + १, एक्स + २, वाय + उंची - १, झेड + २, ०)

पहिली सेटब्लॉक्स चार बाय चारचा भरीव दगडी खांब उभा करते, दुसरी त्याच्या पोटात हवा भरते, म्हणजे तो पोकळ होतो. उंचीतून १ का वजा केला ते विचाराल, तर सेटब्लॉक्स दोन्ही टोकं धरून मोजतं. १० पासून १८ पर्यंत म्हटलं की नऊ थर होतात, आठ नाही. पायथनची रेंज (ओळीने आकडे देणारी, लूपमध्ये वापरतात ती) नेमकी उलटी, ती शेवटचा आकडा सोडून देते. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही वापरताना गोंधळ होतोच, मग गेममध्ये जाऊन थर बोटाने मोजायचे.

हे सगळं टाइप करून रन केलंत की काय दिसतं? काहीच नाही. डेफ ने फक्त बुरूज कसा बांधायचा ते सांगून ठेवलं. बांधायला कॉल हवा:

बुरूज(१०, १०, ८)
बुरूज(४०, १०, ८)
बुरूज(१०, ४०, ८)
बुरूज(४०, ४०, १२)

चार ओळी, चार बुरूज, शेवटचा जरा उंच, टेहळणीचा. कोड एकच, आर्ग्युमेंट बदलली की जागा बदलते. मुलांच्या चेहऱ्यावर फंक्शन कशाला पाहिजे ते इथे उमटतं, व्याख्या वाचून नाही उमटत. आणि चुकून बुरूज(८, १०, १०) लिहिलंत तर एरर नाही, बुरूज दुसरीकडे आणि उंची दहा. यावर उपाय म्हणजे नावं घालून कॉल करायचा, बुरूज(एक्स=१०, झेड=४०, उंची=८), मग क्रम काहीही चालतो. आणि डेफच्या ओळीतच उंची=८ लिहून ठेवलंत तर उंची न देताही काम होतं, नुसतं बुरूज(१०, १०). फक्त असं डिफॉल्टवालं पॅरामीटर (डेफच्या कंसातल्या नावांना पॅरामीटर म्हणतात) शेवटी हवं, आधी ते आणि मग बिनडिफॉल्टचं असं लिहिलंत तर पायथन सिंटॅक्सएरर देतो आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

गेटहाइटची ओळ कशाला, वाय थेट शून्य का नाही दिला? कारण जमीन सपाट नसते. भाच्याने पहिल्यांदा वाय शून्यच दिला होता, एक बुरूज टेकडीत गाडला गेला आणि दुसरा दरीवर अधांतरी, मावशी हा उडतोय म्हणून हाका मारायला लागला. गेटहाइट त्या जागी जमीन किती उंच आहे ते सांगतं, आणि ते उत्तर आपण लगेच पुढच्या कॉलमध्ये आर्ग्युमेंट म्हणून वापरतो. उत्तर देणारं फंक्शन आणि काम करणारं फंक्शन अशी जोडी जमते ती इथे. (अजूनही एक बारीक लोचा आहे, उंची एकाच कोपऱ्याची विचारलीये, उतारावर बाकीचे कोपरे थोडे हवेत राहतील. चारही कोपऱ्यांची उंची काढून त्यातली सर्वात कमी घ्यायची, पायथनचं मिन हे फंक्शन त्यासाठीच आहे, करून बघा.)

आता रिटर्न. बुरूजाच्या माथ्यावर झेंडा लावायचाय. पण माथा किती उंचीवर आहे हे बाहेर कुणाला माहितीये? वाय तर फंक्शनच्या आत काढलेला, बाहेर प्रिंट(वाय) लिहिलंत तर नेमएरर, अशा नावाचं इथे काही नाही. आतला वाय काम संपलं की संपला, याला लोकल म्हणतात. तेव्हा बुरूजाच्या शेवटी एक ओळ वाढवायची:

    रिटर्न वाय + उंची

आणि कॉल असा करायचा:

माथा = बुरूज(४०, ४०, १२)
एमसी.सेटब्लॉक्स(४०, माथा, ४०, ४०, माथा + ३, ४०, ५)
एमसी.सेटब्लॉक(४१, माथा + ३, ४०, ३५, १)

लाकडी काठी आणि तिच्या टोकाला भगव्या लोकरीचा एक ठोकळा. आता बुरूज हे फंक्शन दोन्ही करतं, जगात काम करतं आणि वर माथ्याची उंचीही देतं. ती रिटर्नची ओळ काढून बघा, बुरूज पहिल्यासारखाच बांधला जातो, पण माथा मध्ये नन येतो आणि माथा + ३ ला टाइपएरर, नन मध्ये ३ मिळवता येत नाहीत म्हणून. रिटर्नच्या जागी प्रिंट लिहून बघा. आकडा स्क्रीनवर छान दिसेल, आणि तरीही तोच टाइपएरर येईल. आकडा तुम्ही वाचलात, प्रोग्रॅमच्या हातात काही पडलं नाही, झेंडा लागला नाही. बेरजेच्या उदाहरणात जो फरक लपतो तो इथे लपत नाही.

शेवटची पायरी, फंक्शनमधून फंक्शन.

डेफ किल्ला(एक्स, झेड, बाजू):
    बुरूज(एक्स, झेड)
    बुरूज(एक्स + बाजू, झेड)
    बुरूज(एक्स, झेड + बाजू)
    बुरूज(एक्स + बाजू, झेड + बाजू)

उंची दिली नाही कारण डिफॉल्ट ८ आहे, तो वर डेफच्या ओळीत घातला असेल तरच हे चालेल. किल्ला(१०, १०, ३०) असा एक कॉल केला की आतून चार कॉल जातात. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. किल्ल्याचा एक्स १० आहे, दुसरा बुरूज बांधताना बुरूजाचा एक्स ४० आहे, नाव एकच आणि तरी भांडण नाही, कारण प्रत्येक कॉलचं आपलं वेगळं सामान असतं. आणि किल्ला हा डेफ बुरूजाच्या वर लिहिला तरी चालतं, फक्त किल्ला कॉल करायची ओळ दोन्ही डेफच्या खाली हवी. तटबंदी तुम्ही लिहा, दोन बुरुजांमध्ये एक सेटब्लॉक्स, जमीन खालीवर असेल तर फॉर लूप लावून प्रत्येक पावलाला गेटहाइट विचारत जायचं.

गंमत म्हणून सांगते, बुरूज, उंची, माथा ही नावं पायथन ३ मध्ये खरंच देवनागरीत लिहिता येतात, मशीन काही म्हणत नाही. डेफ, रिटर्न आणि लायब्ररीतली नावं इंग्रजीच, त्यांच्यातली लहानमोठी अक्षरंसुद्धा जशीच्या तशी. आकडे मात्र कोडमध्ये देवनागरी चालत नाहीत, लगेच सिंटॅक्सएरर. पण तेच ४१ अवतरण चिन्हात घालून इंट या फंक्शनला दिलं तर तो बरोब्बर एक्केचाळीस समजतो.

हे चालवायचं कुठे? जुना रास्पबेरी पाय आणि त्यावर जुनी सिस्टीम असेल तर पाय एडिशन. नेहमीच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टची जावा एडिशन विकत घेतलेली असेल तर स्वतःच्या मशीनवर स्पिगॉट नावाचा माइनक्राफ्ट सर्व्हर चालवून त्यात रास्पबेरी ज्यूस नावाचा प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, टाकायचा, मग एमसीपीआय पिपने (पायथनच्या लायब्ररी आणून बसवणारं साधन) इन्स्टॉल केली की हीच फंक्शनं चालतात. व्हर्जन १.१२ किंवा त्याआधीची घ्या, कारण १.१३ पासून गेमने ब्लॉकचे नंबर काढून टाकून नुसती नावं ठेवली, तिथे ४१ म्हणजे सोनं हे गणितच उरलेलं नाही. शाळेत माइनक्राफ्ट एज्युकेशन असेल तर त्यात पायथन आतच मिळतं, फंक्शनांची नावं वेगळी आहेत, शिवाय हुकूम ऐकणारा एक एजंट नावाचा रोबो मिळतो, त्याला पुढे जा, वळ, ब्लॉक ठेव असे कॉल करायचे. कंस तिथेही लागतोच.